बोटीसाठी तीन प्रयोग

२३ एप्रिल, बुधवार

ईस्टर झाला, आता नाटक. आज चर्चमध्ये मिस्सेनंतर फादर एलिसेओंनी जाहीर केलं की बोटीचे पैसे जमवायला तीन प्रयोग करायचे. पहिला इथं सांता रोमानात, दुसरा शेजारच्या गावात, तिसरा समोरच्या बिरुंगन बेटावर. बोट त्या बेटासाठीच हवी आहे. गेल्या वर्षी बेटावरची एक बाळंतीण उघड्या मच्छीमार होडीत, लाटांचं पाणी अंगावर घेत, आमच्या धक्क्याला लागायच्या आत गेली. मूलही गेलं. तिला उतरवून घेतलं तेव्हा मी धक्क्यावर होते. तेव्हापासून फादरांच्या डोक्यात छप्पर असलेली, आजारी माणूस आडवा मावेल अशी बोट आहे.

नाटक आपलं जुनंच, ‘मिठागराचा धनी’. आमच्याच गावच्या एका शाळामास्तरानं फार पूर्वी लिहिलेलं. गाणी आहेत, रडारड आहे, एक मारामारी आहे आणि शेवटी दोन लग्नं. लोकांना आणखी काय लागतं?

दिग्दर्शक अर्थातच बेबोत. त्याचं धक्क्याजवळ ब्यूटी पार्लर आहे. अख्ख्या गावाची डोकी त्याच्या कात्रीखाली येतात, त्यामुळे त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. त्यानं मला प्रॉम्प्टर केलं.

‘‘नांग पुरिंग, जन्मभर तू बंदरावरच्या तिकीट-खिडकीतून लोकांवर ओरडलीस. आता खोक्यात बसून ओरड.’’

मी म्हटलं, ‘‘मी ओरडत नव्हते. घोषणा करत होते.’’

‘‘तेच ते,’’ म्हणाला.

धन्याचं काम नोंग देन्सियोंना दिलंय. वयाचा मान म्हणून बाईला नांग म्हणतात, तसं पुरुषाला नोंग. ते आयुष्यभर जहाजांवर आचारी होते. बायको वारल्यावर कायमचे घरी आले, मुलगी आर्लिनकडे असतात. तरुणपणी नाटकात चांगलं काम करायचे असं म्हणतात. बघू या.

२७ एप्रिल, रविवार

पहिलं वाचन. माझा खोका सुतारानं अजून केलेला नाही, म्हणून मी मागे भिंतीशी बसले होते. माझी गरज पडलीच नाही. नोंग देन्सियोंना स्वतःचे संवाद तर पाठ आहेतच, पण नांग चारितो अडली तेव्हा तिचंही वाक्य त्यांनीच सांगितलं. नांग चारितो म्हणजे औषधाच्या दुकानाची मालकीण. ती मिठागरात मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या विधवेचं काम करते. विधवा तरुण असायला हवी, पण बेबोत म्हणाला, मेकअप कशासाठी असतो?

चला, एक माणूस तरी पाठांतर करून येणारा मिळाला.

२ मे, शुक्रवार

खोका आला. रंगमंचाच्या पुढे मधोमध, प्रेक्षकांकडून बंद, नटांकडून उघडा. आत एक स्टूल, एक दिवा आणि भरपूर धूळ. मी नवा निळा ब्लाउज घालून गेले होते. खोक्यात कोण बघतंय म्हणा, पण कपाटात नुसता पडून होता.

नोंग देन्सियोंचं आज काय झालं कोण जाणे. तिसऱ्या अंकात धनी विधवेला मागणी घालतो तिथं थांबले ते थांबलेच. मी हळूच सांगितलं, ‘‘तुझ्याशिवाय या घरात चूल पेटत नाही.’’

ते खाली वाकले. ‘‘काय म्हणालीस?’’

‘‘तुझ्याशिवाय या घरात चूल पेटत नाही.’’

‘‘शेवटचं ऐकू नाही आलं.’’

तिसऱ्यांदा मी मोठ्यानं म्हटलं. कोपऱ्यात गिटार लावत बसलेली पोरं फिदीफिदी हसली. नांग चारितो वैतागली. ‘‘मी इथं वर उभी आहे, आणि हा माणूस सारखा खाली खोक्यात काय बघतोय?’’

मलाही तोच प्रश्न पडला. रविवारी तर सगळं पाठ होतं.

६ मे, मंगळवार

काल नोंग देन्सियोंनी डबा पाठवला. तूर, डुकराचं मांस आणि कच्चा फणस, बेताचं आंबट. जहाजावर राहून हात चांगला तयार झालाय, हे मान्य करायला हवं. पण आज पुन्हा तोच डबा, त्यातही तेच! कालचं अजून माझ्याकडे शिल्लक होतं. भांडं परत द्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, ‘‘नोंग, कालच तर पाठवलं होतंत.’’

ते क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, ‘‘हो का? विसरलो असेन.’’

मला ते बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तालमीत पुन्हा त्याच वाक्याशी अडले. बाकीच्या सगळ्या अंकांत एक शब्द इकडचा तिकडे नाही. मध्ये चहा झाला. मी साखर घेत नाही हे त्यांना न सांगता ठाऊक होतं. मग आपण होऊन सांगायला लागले की ते पहिल्यांदा जहाजावर निघाले तेव्हा मनिलाचं तिकीट मीच फाडून दिलं होतं. म्हणे माझ्या केसांत पिवळी फीत होती, आणि मी म्हणाले होते, ‘‘खिडकीशी घुटमळू नका, मागे रांग आहे.’’

मला तर काहीसुद्धा आठवत नाही. चाळीस वर्षं झाली असतील.

जुनं सगळं लख्ख आणि कालचं काही नाही. हे मी पूर्वी पाहिलंय.

१० मे, शनिवार

चार दिवस झोप धड नाही. तातायचं असंच सुरू झालं होतं. माझ्या वडिलांना इथं अमेरिकनांचं राज्य होतं त्या वेळची गाणी कडव्यांसकट येत होती, पण सकाळी जेवले की नाही ते सांगता यायचं नाही. शेवटी शेवटी मी रोज सकाळी त्यांच्या खोलीचा पडदा सारायची, तेव्हा ते अंथरुणात नीट बसून, अगदी अदबीनं विचारायचे, ‘‘बाई, आपण कुणाकडे आलात?’’ मी म्हणायची, ‘‘इथंच राहते मी.’’ त्यावर ते म्हणायचे, ‘‘बरं झालं. घर चांगलं आहे.’’ नऊ वर्षं मी त्यांचं केलं. त्या वर्षांत माझं जे व्हायचं राहिलं ते राहिलं. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

पण ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातही नाही.

आज आरोग्य केंद्रात आर्लिनला गाठलं. ती तिथं नर्स आहे, मला तिता म्हणजे मावशी म्हणते. सगळं सांगितलं: संवाद, दोनदा आलेला डबा, पिवळी फीत. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा उतरला.

‘‘तिता पुरिंग, घरी तर मला काहीच जाणवलं नाही हो. परवा माझ्या मोबाइलचं बिल भरायचं त्यांनीच आठवण केली.’’

‘‘घरच्यांना उशिरा कळतं, बाळा. मलाही उशिराच कळलं होतं.’’

ती रडायला लागली. शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेते म्हणाली. ‘‘पण तुम्ही याल ना बरोबर? माझं ते ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील.’’

माझं का ऐकतील ते मला कळलं नाही. पण हो म्हटलं.

१५ मे, गुरुवार

पहाटेच्या बसनं तिघं इलोइलो शहरात गेलो. नोंग देन्सियोंना सांगितलं होतं की आर्लिनच्या केंद्रातर्फे साठीच्या पुढच्यांची तपासणी आहे. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले होते. बसमध्ये माझ्याशेजारी बसले आणि सगळी वाट मजेत होते. जहाजावर एकदा कॅप्टनच्या वाढदिवसाच्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ कसं पडलं ते सांगत होते. आर्लिन पुढच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी हसत होते आणि ते मध्ये कुठं अडतात का तेही बघत होते.

डॉक्टर तरुण होते. दारावरची पाटी वाचल्यावर नोंग देन्सियोंचा चेहरा बदलला. ‘‘मेंदू?’’ त्यांनी आर्लिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

डॉक्टरांनी आम्हालाही आत बसू दिलं. शब्द सांगून पुन्हा विचारले, त्यांनी सांगितले. घड्याळ काढायला लावलं, काढलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तर ते न थांबता करत सुटले. शेवटी डॉक्टरांनीच पुरे म्हटलं.

‘‘मग नाटकातले संवाद कसे विसरता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

नोंग देन्सियोंची मान खाली गेली, शाळेत खोडी पकडल्यासारखी. ‘‘डॉक्टर, या दोघी जरा बाहेर जातील का?’’

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी सांता रीताच्या नोव्हेनाच्या प्रार्थना म्हणायला घेतल्या. अशक्य वाटतं ते तिच्याकडे मागतात. दुसऱ्या प्रार्थनेपर्यंत पोचले असेन नसेन, तोच आत डॉक्टर मोठ्यानं हसले. दवाखान्यात असं हसतात का?

दार उघडून ते आम्हाला म्हणाले, ‘‘यांच्या मेंदूला काहीही झालेलं नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा बरा आहे. जे आहे ते माझ्या खात्यातलं नाही.’’

आर्लिन भिंतीला टेकून रडली. मी रडले नाही. मला एकाएकी इतकी भूक लागली की समोरच्या दुकानात जाऊन मी शेवयांच्या गरम सुपाचे दोन वाडगे संपवले. नोंग देन्सियोंनी त्यांच्या वाडग्यातली कलेजी माझ्यात टाकली. ‘‘तुला इतकी काळजी वाटली?’’ एवढंच विचारलं.

‘‘प्रयोग तोंडावर आलाय. धनी कुठून आणायचा?’’ मी म्हटलं.

छातीवरचा दगड उतरलाय. आता फक्त, जे आहे ते कुठल्या खात्यातलं? रक्तदाब असेल. आर्लिनला सांगितलं, वरून मीठ घ्यायचं बंद कर त्यांचं.

२० मे, मंगळवार

मीठ बंद करून काहीही फरक नाही. त्याच वाक्याला अडतात.

२५ मे, रविवार

काल पहिला प्रयोग झाला. हे सगळं शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सभागृह गच्च होतं. खिडक्यांतही माणसं. पहिले दोन अंक असे झाले की मला पानं उलटण्यापलीकडे काम नव्हतं. तिसऱ्यात नोंग देन्सियो मागणी घालायला गुडघ्यावर बसले आणि अडले. मी वाक्य दिलं. त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा दिलं. ते खोक्याकडे आणखी झुकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘मोठ्यानं, पुरिंग!’’

माझं डोकं फिरलं. बंदरावर माइक बंद पडला की जो आवाज काढायची तो काढला: ‘‘तुझ्याशिवाय या घरात चूल पेटत नाही!’’

आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. शिट्ट्या! मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘पेटव की मग!’’ पहिल्या रांगेत बसलेले फादर एलिसेओ हातातल्या कागदाआड तोंड लपवत होते. मला कळेना, प्रॉम्प्टरसाठी कोण टाळ्या वाजवतं?

आज मिस्सेनंतर बेबोतच्या पार्लरमध्ये गेले. म्हटलं, ‘‘लोक काल का हसले?’’

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. ‘‘नांग, खरंच कळत नाही तुला? का कळून घ्यायचं नाही? अगं, नोंग देन्सियोंना सगळं नाटक पाठ आहे. नांग चारितोचंसुद्धा काम पाठ आहे. त्यांना ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं असतं. एवढंच. तालमीच्या दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावाला माहीत आहे. मासळीबाजारात पैजा लागल्यात, नांग पुरिंगला कधी उमजणार म्हणून.’’

मी खुर्चीत बसून राहिले. आरशात माझा चेहरा दिसत होता, डोक्यावर त्या केस वाळवायच्या यंत्राची टोपी असल्यासारखी मी कडक झाले होते.

‘‘नांग, काहीतरी बोल. रागवलीस?’’

मी म्हटलं, ‘‘मी पुढच्या प्रयोगांना बसणार नाही. दुसरं कुणीतरी बघ.’’

‘‘अगं, माणूस प्रेमात पडलाय, त्यानं काही खून केला नाही!’’

मी घरी आले. लोक हसले त्याचं मला तितकंसं वाटलं नाही. जन्मभर खिडकीत बसले, लोकांचं बोलणं अंगाला लावून घेतलं असतं तर जगले नसते. पण मी दवाखान्याच्या बाकावर नोव्हेना म्हणत बसले होते. तातायची ती सगळी वर्षं पुन्हा उघडली होती. आणि तो खेळ होता.

२६ मे, सोमवार

सकाळी ते आले. मी दार उघडलं नाही, खिडकीतून बोलले. सवयीची जागा.

‘‘पुरिंग, बेबोतनं सांगितलं. माझं चुकलं. मला वाटलं होतं, कळलं की तू हसशील.’’

‘‘तुम्हाला माहीत आहे, मी आर्लिनकडे का गेले?’’

‘‘मी विसरतो म्हणून.’’

‘‘माझ्या वडिलांना विसरायचा आजार होता. नऊ वर्षं. शेवटी मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मीच त्यांना भरवत होते, आणि ते मला विचारत होते, बाई, आपण कुणाकडे आलात.’’

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्या पायरीवर बसले, मग त्यांची फक्त टाळू दिसत होती.

‘‘मला कुणी सांगितलं नाही,’’ खालून आवाज आला. ‘‘मी तेव्हा समुद्रावर होतो. घरून पत्रं यायची, त्यांत पैसे मिळाले एवढंच असायचं.’’

‘‘हो. तुम्हाला कसं कळणार.’’

‘‘कळलं असतं तर मी हा चावटपणा केला नसता. देवाशपथ केला नसता, पुरिंग.’’

‘‘ते मला कळतंय,’’ मी म्हटलं. खरंच कळत होतं. पण राग जायला कळणं पुरत नाही.

मग उठून म्हणाले, ‘‘बाकी सगळं खरं होतं. तेवढं खोटं समजू नकोस.’’ आणि गेले.

पिवळी फीत. आज कपाट आवरताना तेव्हाचा एखादा फोटो सापडतो का पाहिलं. नाही सापडला.

३१ मे, शनिवार

शेजारच्या गावचा प्रयोग काल झाला. मी गेले नाही. बेबोत आज मुद्दाम सांगायला आला, हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन. म्हणजे वाईट बातमी.

‘‘तुझा धनी एक शब्द चुकला नाही,’’ तो म्हणाला.

‘‘माझा नाही तो.’’

‘‘बरं, गावाचा धनी. एक शब्द चुकला नाही, आणि एकदाही कुणाला हसू आलं नाही. शोकसभेत भाषण करावं तसा बोलत होता. नांग चारितो विंगेत येऊन म्हणाली, याच्याशी लग्न करण्यापेक्षा माझी विधवा विधवाच बरी.’’

मला हसू आलं. आवरलं नाही.

‘‘तिकिटं खपली ना?’’

‘‘खपली. फादर म्हणतात बोटीचं होईल. पण बेटावर नाटक असं नेऊ का? त्या लोकांनी वर्षभर वाट बघितली आहे. आणि माझी भाची प्रॉम्प्टिंग करते, तिला शेजारच्या गावच्या बसमध्येसुद्धा उलटी झाली. होडीत काय होईल?’’

मी चिकट भात सगळा खाल्ला.

७ जून, शनिवार

गेले. बोट बेटवाल्यांची आहे, राग माझा आहे. दोन्हींची गाठ मारायचं कारण नाही.

सगळं नाटक दोन मोठ्या होड्यांत भरलं. पेटारे, पडदे, गिटारी, नांग चारितोची खोटी वेणी. नोंग देन्सियो दुसऱ्या होडीत होते. मला चढताना पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

बेटावर वीज थोडाच वेळ असते, म्हणून उजेडीच प्रयोग. वाळूत फळ्या टाकून रंगमंच केला होता. खोका नव्हता. मी पडद्याच्या कडेला पालथ्या घातलेल्या होडीवर नाटकाची प्रत घेऊन बसले. समोर सगळं बेट बसलं होतं, म्हाताऱ्या, कोंबड्या, अंगावर पिणारी मुलं. मागच्या ओळीत एक तरुण माणूस एकटाच उभा होता, हाताची घडी घालून. फादरांनी सांगितलं, ती गेलेली बाळंतीण याचीच बायको. तोही पहिल्या अंकात एकदा हसला. मी पाहिलं.

नोंग देन्सियो आज रंगले होते. गाण्यात त्यांनी एक कोंबडी उचलून काखेत धरली आणि तिच्याशीच हिशोब करत बसले. लोक लोळायचे बाकी होते. मला वाटलं, आता तिसऱ्या अंकात पुन्हा ते सुरू करणार. प्रतीवर बोट ठेवून बसले.

ते गुडघ्यावर बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. नांग चारितोकडे बघत, न थांबता, हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुझ्याशिवाय या घरात चूल पेटत नाही. किती दिवस मी एकट्यानं थंड भात खायचा?’’

मग पुढच्या ओळीतली एक म्हातारी जोरात म्हणाली, ‘‘अगं, मग हो म्हण की!’’

सगळे हसले. नांग चारितो हो म्हणाली, नाटकात तसंच आहे. मी प्रतीचं पान उलटायचं विसरले. मला काही काम नव्हतं, तरी.

परतताना बेबोतच्या भाचीला झोपायला जागा हवी म्हणून माणसं इकडची तिकडे केली, आणि नोंग देन्सियो माझ्या होडीत आले. पार टोकाला जाऊन बसले. इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. थोड्या वेळानं मीच त्यांना जवळ सरका म्हटलं, टोकाला पाणी उडत होतं म्हणून.

ते सरकले. म्हणाले, ‘‘तातायबद्दल सांगशील? मी त्यांना ओळखायचो. मला लहानपणी पोहायला त्यांनी शिकवलं.’’

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, ताताय पोरांना धक्क्यावरून ढकलून द्यायचे आणि लगेच स्वतःही मागून उडी मारायचे. मग मी सांगितलं. सगळं नाही. बरंच. कुणाला सांगितलं नव्हतं असंही थोडं. त्यांनी मध्ये एकदाही विनोद केला नाही. धक्का कधी आला कळलं नाही. बेबोत वरून ओरडत होता, ‘‘उतरा की, का होडीतच संसार मांडता?’’

मी त्याच्यावर ओरडले. मला फार हलकं वाटत होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. दिवस चांगले गेले की लिहायचं राहतं.

आज बोटीला आशीर्वाद दिला. फादर एलिसेओंनी टोकापासून टोकापर्यंत पवित्र पाणी शिंपडलं, अर्धं बेबोतच्या केसांवर पडलं. छप्पर आहे, दोन्ही बाजूंना जाड कापडाचे पडदे आहेत, आत आडवं झोपता येतं. रंग बेबोतनं निवडला, त्यामुळे बोट गुलाबी आहे. फादरांनी विचारलं, ‘‘गुलाबी?’’ बेबोत म्हणाला, ‘‘फादर, आजारी माणसाला लांबून दिसली पाहिजे.’’

नोंग देन्सियो रविवारी माझ्याकडे जेवायला असतात. म्हणजे ते स्वयंपाक करतात आणि मी चुका काढते. तूर-फणस आठवड्यातून एकदाच करायचा असं ठरलंय.

नांग चारितो परवा दुकानात म्हणाली, ‘‘मग?’’

मी म्हटलं, ‘‘मग काय?’’ आणि खोकल्याचं औषध घेऊन निघून आले. मला खोकला झालेला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी बेटावरून फोन आला. बाळंतीण, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, समुद्र खवळलेला. गुलाबी बोट निघाली. आर्लिन गाडी घेऊन धक्क्यावर येऊन थांबली. मी गेले, कारण धक्क्यावर काही असलं की मला घरात बसवत नाही. नोंग देन्सियो आल्याची गरम पेज घेऊन आले, कारण माणसं थांबलेली असली की त्यांना रिकाम्या हातानं बसवत नाही.

लाटा मोठ्या होत्या. बोट दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. बेबोतला मनातल्या मनात दोनदा आशीर्वाद दिला. माझी नखं नोंग देन्सियोंच्या दंडात रुतली होती हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं नाही.

बोट लागली. पडदा सारला. पोरगी घामानं भिजली होती, पण पाण्यानं नाही. वरून एक टिपूस आत गेला नव्हता. आर्लिननं हात धरून गाडीत घेतलं, नवरा बरोबर चढला, गेले. गाडीत जागा नव्हती म्हणून पोरीची आजी आमच्याजवळ धक्क्यावर राहिली. छोटीशी, काटक, गळ्यातली जपमाळ घट्ट धरलेली. नोंग देन्सियोंनी तिच्या हातात पेजेचा वाडगा दिला. ती खाईना. मी तिच्या शेजारी बसले. गेल्या वर्षी हिनं काय पाहिलं असेल ते विचारायची हिंमत झाली नाही. सगळ्या बेटानंच पाहिलं होतं ते.

दुपार कलली तेव्हा माझा फोन वाजला. आर्लिन. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं, ती काही बोलायच्या आधीच. मी फोन म्हातारीच्या कानाला लावला.

मुलगी आहे. दोघी ठीक.

म्हातारी पहिल्यांदा रडली, मग हसली, मग थंड झालेली पेज सगळी खाल्ली आणि आणखी मागितली. नोंग देन्सियो दुसऱ्यांदा वाढून, भांडं आणि पेज वाढायचा डाव खंगाळायला धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले. गुणगुणत होते. नाटकातलंच काहीतरी.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड पुसून विचारलं, ‘‘नवरा का गं तुझा? हाताला चव आहे.’’

‘‘अजून नाही,’’ मी म्हटलं.

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. गुणगुणणं थांबलं होतं. खाली पायरीवर नोंग देन्सियो माझ्याकडे वळून बघत होते आणि त्यांच्या हातून डाव पाण्यात पडला तो सरळ बुडाला.

उद्या दोघं बाजारात जाऊन नवा आणणार आहोत.